मदत हवी आहे: डिफरन्शियल ॲम्प्लिफायर सिम्युलेशनमध्ये चालतो, लोडसेल जोडला की अडकतो

नमस्कार मंडळी,

मी ऐरोलीला राहते, इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. बाबा रबाळे एमआयडीसीत वजनकाटे दुरुस्त करतात. त्यांनी एका मोडीत निघालेल्या काट्यातला ५ किलोचा लोडसेल, म्हणजे वजनाचा इलेक्ट्रिक सिग्नल देणारा सेन्सर, मला दिला. त्याचा बारीक सिग्नल वाढवायला डिफरन्शियल ॲम्प्लिफायर (दोन इनपुटमधला फरक वाढवणारं सर्किट) करतेय. प्रोजेक्टची अट एकच आहे: ॲम्प्लिफायरला आयसी वापरायचा नाही, सुट्या ट्रान्झिस्टरवर करायचा. मलाही तेच हवं होतं, कारण ऑपॅम्पच्या (तयार ॲम्प्लिफायर आयसीच्या) पोटात काय चालतं ते एकदा हाताने करून बघायचं होतं.

सर्किट असं आहे. बीसी ५४७ ची जोडी, सप्लाय अधिक-उणे १२ व्होल्ट, दोन्ही कलेक्टरला १० के (किलोओहम), आणि दोन्ही एमिटर एकत्र करून उणे १२ ला १२ के. लॅमिंग्टन रोडवरून पंधरा ट्रान्झिस्टर आणले आणि मल्टिमीटरवर मोजून त्यातली सगळ्यात जवळची जोडी निवडली. उरलेला फरक एका कलेक्टरला प्रीसेट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) लावून काढला. आउटपुट एकाच कलेक्टरवरून घेते, वजन वाढलं की तिथला व्होल्टेज उतरतो.

एलटीस्पाइस या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये दोन इनपुटना एसी ०.५ आणि उणे ०.५ दिले तर गेन ३९ डीबी येतो, म्हणजे साधारण ९१ पट. दोन्हीकडे सारखाच सिग्नल दिला तर उणे ७.६ डीबी. हे दोन्ही आकडे कागदावरच्या गणिताशी जुळतात, त्यामुळे डिझाइन बरोबर आहे असं धरून चालले होते.

ब्रेडबोर्डवर दोन्ही बेस ग्राउंडला असताना कलेक्टरवर ७.३ व्होल्ट मिळतात. तिथपर्यंत सगळं ठीक. मग लोडसेल जोडला. तो ३५० ओहमचा ब्रिज (चार रेझिस्टरचा चौकोन) आहे, २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्टचा, आणि त्याला ७८१० रेग्युलेटरवरून १० व्होल्ट दिलेत. म्हणजे ५ किलोला २० मिलिव्होल्ट यायला हवेत. पण लोडसेल रिकामा असतानाच कलेक्टर ५.२ वर येतो. वर एक-एक किलोच्या मिठाच्या पिशव्या ठेवत गेले तर सव्वा किलोच्या आसपास ४.५ वर अडकतो आणि पुढे हलतच नाही. ट्रान्झिस्टर बदलले, ब्रेडबोर्ड बदलला, तारा नव्याने लावल्या. चार रात्री यातच गेल्या. पुढच्या आठवड्यात गाइडना दाखवायचं आहे. कुठे चुकतंय?

प्रतिसाद

ठाण्यातून लिहितोय. इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये नोकरी झाली, आता निवृत्त आहे. सगळे आकडे दिलेस हे फार चांगलं केलंस, नाहीतर नुसतं 'चालत नाही' वाचून काहीच सांगता येत नाही.

ट्रान्झिस्टर चांगले आहेत. ब्रिजला १० व्होल्ट दिलेस की त्याच्या दोन्ही आउटपुट तारा ग्राउंडपासून ५ व्होल्टवर बसतात. तुझे बेस ५ वर, म्हणून एमिटर ४.३५ वर. शेपटीच्या, म्हणजे दोन्ही एमिटरखालच्या, १२ के वर आता ११.३५ नाही, १६.३५ व्होल्ट आहेत. करंट ०.९५ वरून १.३६ मिलिॲम्पिअर झाला आणि कलेक्टर ५.२ ला उतरला. एमिटर ४.३५ वर असल्याने कलेक्टरला उतरायला जेमतेम ०.७ व्होल्ट जागा उरली. ती संपली की ट्रान्झिस्टर सॅच्युरेट होतो, म्हणजे पुरता उघडून अडकतो. तुझे सव्वा किलो ते हेच.

सिम्युलेशनने खोटं सांगितलं नाही. तू त्याला इनपुटचा डीसी शून्य दिलास, त्याने शून्याचं उत्तर दिलं. दोन्ही सोर्सना डीसी ५ देऊन बघ.

उपाय दोन. सोपा म्हणजे ब्रिजला ० आणि १० ऐवजी उणे ५ आणि अधिक ५ दे, ७८०५ आणि ७९०५ वरून. मग मधला व्होल्टेज शून्याजवळ येतो. दुसरा म्हणजे १२ के काढून तिथे करंट मिरर (करंट ठरावीक ठेवणारी ट्रान्झिस्टरची जोडी) लाव. पण नुसता मिरर नको, मिररच्या दोन्ही ट्रान्झिस्टरच्या एमिटरला १ के घाल. नाहीतर मिररच्या ट्रान्झिस्टरवर १६ व्होल्ट पडले की अर्ली इफेक्टमुळे, म्हणजे ट्रान्झिस्टरवरचा व्होल्टेज वाढला की करंटही वाढतो म्हणून, तो पुन्हा वाढेल. मिररचा करंट ठरवणारा संदर्भाचा रेझिस्टर ग्राउंडवरून १० के. या सर्किटला लाँग टेल्ड पेअर म्हणतात ते उगीच नाही, शेपटी जितकी लांब, म्हणजे तिचा रेझिस्टन्स जितका मोठा, तितका करंट स्थिर. प्रोजेक्टसाठी मी दोन्ही करेन.

धागाकर्ती

काका, मनापासून आभार! डीसी ५ दिल्यावर सिम्युलेशनमध्येही हुबेहूब ५.२ आले. ते बघून आईला उठवून सांगितलं.

७९०५ आणून सोपा उपाय आधी केला. आता रिकाम्यावर ७.३ मिळतात आणि पाचही किलो मोजले जातात. पण पहिल्या किलोला व्होल्टेज ०.३७ ने उतरतो आणि पाचव्या किलोला ०.३३ नेच. शिवाय पंखा लावला की रीडिंग सरकतं.

प्रतिसाद

०.३७ आणि ०.३३ हा अशा ट्रान्झिस्टर जोडीचा स्वभावच आहे. जोडीचा आउटपुट सरळ रेषेत जात नाही, हळूहळू आडव्या होत जाणाऱ्या टॅन-हायपरबोलिकच्या वळणाने जातो, आणि २० मिलिव्होल्टला ते वळण दिसायला लागतं. प्रत्येक एमिटरला स्वतःचा १०० ओहम घालून मग शेपटीला जोड. गेन तिसऱ्या हिश्श्यावर येईल, पण रेषा बरीच सरळ होईल. कमी झालेला गेन पुढच्या स्टेजला भरून काढ.

पंख्याचं म्हणशील तर बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्ट बदलतो. दोन ट्रान्झिस्टरच्या तापमानात ०.१ अंशाचा फरक पडला तर ०.२ मिलिव्होल्ट, आणि तुझ्या काट्यावर ते ५० ग्रॅम होतात. दोघांच्या सपाट बाजू एकमेकींना चिकटव, वर हीटश्रिंक (तापवली की आवळणारी नळी) चढव. मग पंखा लावून रीडिंग घे आणि आकडे इथेच टाक.

धागाकर्ती

१०० ओहम घरात आहेत, हीटश्रिंक बाबांच्या खोक्यात सापडली. आत्ताच लावते. रात्री पाचही पिशव्यांचे आकडे टाकते, पंखा बंद आणि चालू, दोन्ही.