खात्यात पैसे आहेत पण मोरी होत नाही, ग्रामपंचायतीचं असं का असतं?

नवामेंबर
मी पहिल्यांदाच निवडून आलोय. ग्रामसभेत सगळ्यांनी एकच सांगितलं, शाळेच्या वाटेवर ओढ्यावर मोरी (छोटा पूल) टाका, पावसाळ्यात पोरं चपला हातात घेऊन आणि दप्तर डोक्यावर घेऊन जातात. गावाच्या विकास आराखड्यात घातली, ठराव झाला. आता ग्रामसेवक म्हणतात अबंधित निधी (गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचा) संपला, बंधितात (ठरलेल्या कामांनाच वापरायचा) हे बसत नाही. अरे पण पैसे तर दिसतायत ना खात्यावर! ट्रेनिंगला 73वी घटनादुरुस्ती आणि पंचायतींकडे द्यायचे 29 विषय पाठ करून घेतले ते कशासाठी मग?

जुनाग्रामसेवक
ग्रामसेवकावर चिडू नका, तो खरं बोलतोय. 15व्या वित्त आयोगाचे, म्हणजे केंद्राकडून येणाऱ्या पैशातले, 60 टक्के बंधित, म्हणजे निम्मे पाण्याला आणि निम्मे स्वच्छतेला. उरले 40, त्यातून पगार करता येत नाहीत, आणि रस्त्यावरच्या दिव्यांचं बिल त्यातूनच भरलं असेल तर काय उरणार. बरं पैसे मिळाले तरी लगेच मोरी होते असं नाही, जेईचं (कनिष्ठ अभियंत्याचं) एस्टिमेट, तांत्रिक मान्यता, काम झाल्यावर एमबी (मोजमाप पुस्तकात नोंद), मग पैसे काढायला सरपंच आणि ग्रामसेवक दोघांच्या डीएससी (डिजिटल सह्या). माझ्या वेळी एका जेईकडे 22 गावं होती, बिचारा मोटारसायकलवर टेप घेऊन फिरायचा, त्याची तारीख मिळेपर्यंत मार्च, म्हणजे आर्थिक वर्षाची अखेर, यायचा आणि मार्चमध्ये काय होतं ते सगळ्यांना माहितीय.

चहाबाज
माझ्या मते नुसते पैसे दिले म्हणजे विकेंद्रीकरण होत नाही, माणसंही द्यावी लागतात. केरळने 1996 ला राज्याच्या योजना खर्चातला 35-40 टक्के वाटा खाली द्यायचं ठरवलं आणि कृषी अधिकारी, डॉक्टर वगैरे पण पंचायतींच्या हाताखाली दिले. आपल्याकडे 1 मे 1962 ला झेडप्या सुरू झाल्या तेव्हा कौतुक होतं की महाराष्ट्र पुढे आहे. पुढं 2022 च्या मार्चमध्ये बहुतेक झेडप्यांची मुदत संपली आणि नंतर वर्षानुवर्षे प्रशासक, कुणाला फारसा फरकही पडला नाही, यातच काय ते आलं.

नवामेंबर
@चहाबाज आमच्याकडे तर मोरीसाठी पण आमदार निधीच मागा म्हणतात, नारळ फोडायला तेच येणार ना

रानवाट
गडचिरोलीचं मेंढा (लेखा) गाव बघा. 2009 ला सामूहिक वनहक्क (गावाचा जंगलावरचा हक्क) मिळाला तरी बांबू बाहेर नेऊन विकायचा परवाना वनखात्याकडेच होता, 2011 ला वाहतूक पासचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं तेव्हा कुठं बांबूचा पैसा गावात यायला लागला. हक्क कागदावर होता, अडलं होतं ते पासच्या पुस्तकावर. सगळ्यांकडे बांबू नसतो हे मान्य, पण घरपट्टी तर सगळ्यांकडे असते ना? स्वतःच्या उत्पन्नातून मोरी करायला बंधित-अबंधित आडवं येत नाही. वसुली किती आहे तुमची?

जुनाग्रामसेवक
हा प्रश्न विचारला की सभेतली अर्धी माणसं उठून तंबाखू थुंकायला बाहेर जातात 😄

नवामेंबर
वसुली 40 टक्क्यांच्या आसपास आहे. आत्ता रजिस्टर उघडून बघितलं तर थकबाकीत पहिल्याच पानावर आमच्या घराचं नाव, तीन वर्षं. उद्या आधी ती भरतो, मग विचारतो बाकीच्यांना.