सिंघम रिटर्न्स, पत्र्यावरचा पाऊस आणि आमचे भाईकाका : तुमचेही अनुभव लिहा

असगोलीकरीण

काल दुपारी दोन तासांनी लाईट आली आणि टीव्ही आपला आपण बोलायला लागला. सिंघम रिटर्न्स. मी आमसुलं उलटायला अंगणात निघाले होते, ती सूप हातात घेऊन तशीच दारात उभी राहिले.

१५ ऑगस्ट २०१४, शुक्रवार. सकाळी शाळेत झेंडावंदन, खिशात चिक्की, आणि दुपारच्या एसटीने गुहागरहून चिपळूण. मी, दोन चुलतभाऊ आणि भाईकाका. भाईकाका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, मुंबई पोलिसातून हवालदार म्हणून रिटायर होऊन गावी आलेले. वीस वर्षांत थेटरात गेले नव्हते. पोरांनी 'पोलिसांचा पिक्चर आहे, तुम्हीच पाहिजे' म्हणून जबरदस्तीने नेलं.

थेटराला वर पत्रे. पाऊस असा कोसळत होता की अर्धे डायलॉग ऐकूच आले नाहीत. पण अडलं कुणाचं? पुढच्या रांगेतली पोरं अजय देवगणच्या आधी बोलत होती. काकांनी चपला काढल्या, खुर्चीवर मांडी घातली आणि सुरू झाले. 'ह्याचा पट्टा बघ, पोटात रुतत पण नाही.' 'एवढा डीसीपी, कागदावर सही करताना एकदा तरी दाखवा रे.' आणि गाड्या हवेत उडायला लागल्या तेव्हा, मोठ्याने, 'ह्याचा पंचनामा कोण लिहिणार? मीच ना!' मागच्या पुढच्या चार रांगा हसल्या.

मग तो सीन. सिंघमच्या टीममधला पोलीस ॲम्ब्युलन्समध्ये मेलेला सापडतो, शेजारी नोटांनी भरलेल्या बॅगा. सगळे म्हणणार, हा खाणारा होता. काका उठले, चपला पायात सरकवल्या आणि बाहेर गेले. मध्यंतरापर्यंत आलेच नाहीत. आम्ही कोणी विचारलं नाही. परतीच्या गाडीतही नाही.

तर लिहा. सिंघम, सिम्बा, कुठलाही पोलिसपट चालेल. थेटरात, केबलवर, कुणी शूटिंग बघितलं असेल तर तेही. मी आमसुलं उलटून येते.

कोळंबीभात

पयलो मी!

वाचतंय मगे.

बांद्याचो बाबू

आमच्याकडे सिंघम थेटरात नाय, दशावतारात बघितला. २०११ चा पहिला भाग येऊन गेलेला, कार्तिकात जत्रा सुरू झाल्या. रात्रीचे दीड वाजलेले, आड दशावतारात, म्हणजे नाटकाच्या आधीच्या भागात, संकासुर आलो, काळे कपडे, टोकदार टोपी, भटजीबरोबर नेहमीची जुगलबंदी. भटजीन दक्षिणा मागितल्यान. संकासुर दोन मिनिटं गप्प. मग मांडीवर थाप मारून, 'आता माजी सटाकली हा!' मंडप उठलो रे. पेटीवाल्यान लगेच तीच चाल धरली. आमची आजी, जी कधी हिंदी पिक्चर बघूक नाय, ती दुसऱ्या दिवशी कोंबड्यांका तसाच बोलत होती.

आणि तेव्हापासून मुंबैचे बाईकवाले आंबोलीहून उतरताना विचारतात, 'भाऊ, शिवगड किधर है?' पिक्चरवाल्यांनी गोव्याच्या हद्दीजवळ दाखवलंय ना. एकाला मी सरळ रेडीला पाठवलं. यशवंतगड बघून गेला बिचारा, खूश होऊन फोन केल्यान.

कोळंबीभात

बाबूशेठ 😂😂 पाप लागात तुका

तारीखवाला

थोडी दुरुस्ती नाही, भर. पहिला सिंघम २२ जुलै २०११ ला आला. तो २०१० च्या तमिळ 'सिंगम'चा रिमेक, सूर्याचा. म्हणूनच नाव सिंघम. नाहीतर मराठी माणसाचं असं आडनाव तुम्ही कुठल्या सातबाऱ्यावर बघितलंत? सिंघम रिटर्न्स मात्र तमिळ दुसऱ्या भागाचा रिमेक नाही, तो वेगळाच. पहिल्यात गोवा आणि जयकांत शिक्रे (प्रकाश राज), दुसऱ्यात मुंबई आणि बाबाजी (अमोल गुप्ते). पहिल्या दिवशी ३२ कोटींच्या आसपास धंदा केला होता, भारतात एकूण १४० च्या आसपास.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर पहिलाच खरा. प्रकाश राज नाही तर मजा नाही. अमोल गुप्ते चांगला आहे, पण त्याची भीती वाटत नाही, कंटाळवाण्या कीर्तनकारासारखा वाटतो. आणि पहिल्यात अजय-अतुल होते. दुसऱ्यात हनी सिंग. काय बोलणार.

वाशिष्ठीकाठ

तारीखवाले, २२ जुलै नका हो काढू. आमच्याकडे चिपळूणला ती तारीख म्हणजे एकच. २०२१ चा महापूर.

आता विषय निघालाच आहे तर लिहितो. दुकान पूर्ण पाण्याखाली. पहिल्या मजल्याच्या पायऱ्यांवर बसून आम्ही रात्रभर पाणी मोजत होतो, एक पायरी, अजून एक पायरी. नंतर महिनाभर चिखल उपसला. तो वास नाकातून जाईना, जेवताना पण तोच.

नोव्हेंबरात भाऊबीजेला ठाण्याला बहिणीकडे गेलो. सूर्यवंशी लागला होता, ५ तारखेलाच आलेला, दीड वर्ष लॉकडाऊनमुळे अडकून. एक सोडून एक खुर्ची, तोंडाला मास्क. पिक्चर कसा होता ते आठवत नाही. शेवटी सिंघम येतो, लोक मास्क खाली करून शिट्ट्या मारतात, आणि मी आपला अंधारात रडतोय. मेहुण्याला वाटलं देशभक्ती. एसी थेटराचा तो फ्रीजसारखा वास असतो ना, त्याने पहिल्यांदा चिखलाचा वास गेला.

असगोलीकरीण

अरे देवा. आम्ही गुहागरवरून भाकऱ्या पाठवल्या होत्या तेव्हा, पण रस्ता बंद म्हणून टेम्पो दुसऱ्या दिवशी पोचला.

वाशिष्ठीकाठ

खाल्ल्यात गो त्या. लसणीची चटणी होती बरोबर.

दापोलीची सून

मी पोलिसाची बायको. घाईत लिहिते, कुकर लावलाय.

१५ ऑगस्टला पिक्चर बघायला जाणारे लोक म्हणजे आमच्यासाठी दुसऱ्या ग्रहावरचे. त्या दिवशी हे पहाटे चारला बंदोबस्तावर. त्या वर्षी तीन दिवसांनी दहीहंडी, परत बंदोबस्त. मग गणपती, त्याचं तर बोलूच नका. लग्नाला सोळा वर्षं झाली, आमच्या दापोलीच्या घरच्या गणपतीला हे दोनदा आलेत. सिंघम रिटर्न्स ह्यांनी व्हॅनमध्ये बसून मोबाईलवर तुकड्यातुकड्याने बघितला. पंधरा मिनिटं, मग वायरलेस, मग दहा मिनिटं. शेवट अजून बघितलेला नाही. मी सांगितला तर म्हणाले, 'एवढं सोपं असतं तर.'

२०१६ साली देवनारला आठ तासांच्या ड्यूटीचा प्रयोग सुरू झाला आणि नंतर आमच्या पोलीस ठाण्याला पण ती आली. पहिल्या दिवशी हे दुपारी चारला घरी. चहा घेतला आणि झोपले. मी कपाळाला हात लावून बघितला, ताप आहे का म्हणून. लेक शेजारणीला सांगून आली, बाबांना काढून टाकलं.

असगोलीकरीण, तुझ्या काकांचं वाचून पोटात कालवलं. त्या ॲम्ब्युलन्सच्या सीनला माझ्या सासूबाई पण उठून आत गेल्या होत्या.

शिट्टी झाली, येते.

मालगुंडचा माणूस

पूर्वी आमच्या थेटरात पिक्चरची पेटी एसटीने यायची. पेटी आली नाही तर शो नाही, प्रेक्षक स्टँडवर जाऊन कंडक्टरला विचारायचे. आता सगळं डिजिटल, मुंबईला लागला त्याच दिवशी आमच्याकडे. मजा गेली असं म्हणायचा मोह होतोय, पण खरं सांगू, मजा तेव्हाही नव्हती. तिसरं रीळ आधी आणि दुसरं नंतर लावलं होतं एकदा, मेलेला माणूस परत येऊन मारामारी करत होता. कुणी आवाज केला नाही. आम्हाला वाटलं जुळा भाऊ.

कोळंबीभात

रिटर्न्स म्हणजे ह्या खरा 😂

लांज्याचा लाईटमन

मी इंडस्ट्रीत बावीस वर्षं. ह्या पिक्चरवर नव्हतो, पण अशा मारामारीच्या बऱ्याच पिक्चरवर होतो, नावं सांगत नाही, पेमेंट बाकी आहे.

लोक विचारतात, गाडी उडते ती कॉम्प्युटरवर का? काही असतात. पण सिंघमच्या शेट्टीसाहेबांसारखे डायरेक्टर खऱ्या उडवतात. त्यांचे वडील एम. बी. शेट्टी फाइटवाले, देवगणचे वडील वीरू देवगण फाइटमास्टर. रोहित शेट्टी 'फूल और कांटे'ला असिस्टंट होता, देवगणचा पण तो पहिला पिक्चर, १९९१. दोघांच्या घरात जेवताना ह्याच गप्पा झाल्या असणार.

तर गाडीच्या पोटात जाड लोखंडी नळकांडं वेल्ड करतात, तोंड जमिनीकडे. आत ठोकळा. गाडी वेगात आली की बटण दाबायचं, ठोकळा जमिनीवर आदळतो आणि गाडी उलटी. आत माणूस असतो हां, हेल्मेट, पट्टे, भोवती पाइपचा पिंजरा. टाकीत पेट्रोल अगदी पोचण्यापुरतं. शॉट एकच मिळतो. त्याआधी सेटवर जी शांतता होते ना, तशी मी फक्त आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालताना बघितलीये. गाडी पडली, चाक फिरतंय, धूर, आणि सगळे त्या खिडकीकडे बघतायत. आतून अंगठा बाहेर आला की मग टाळ्या. पडद्यावर तो अंगठा कधी दिसत नाही.

एकदा अंगठा यायला उशीर झाला. बाहेर आला तेव्हा म्हणतो, चष्मा शोधत होतो.

आणि प्रॉडक्शनवाल्यांना खरी भीती व्हिलनची नाही, गणपतीची. लाईटमध्ये, सेटिंगमध्ये निम्मे कोकणातले. चतुर्थीच्या आदल्या दिवशी कुणाच्या बापाची सटकली तरी शूटिंग होत नाही.

तारीखवाला

यंदा तिकीट कन्फर्म झालं का कुणाचं?

लांज्याचा लाईटमन

वेटिंग. विचारू नका.

दापोलीची सून

आमचं पण 😭

वकीलबाई रत्नागिरी

रसभंग करते, माफ करा. पण मला हे पिक्चर बघवत नाहीत. पोलीस वर्दी उतरवून बनियनवर मोर्चा काढतात, थेटर उभं राहतं. आणि सोमवारी माझ्याकडे अशील येतो, 'मॅडम, तारखा कशाला, त्याला सिंघमसारखा एकच झटका पाहिजे.' स्वतः आरोपी आहे हे विसरून.

सप्टेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल जाहीर भाषणात ह्यावरच बोलले होते, सिंघमचं नाव घेऊन. अशा पिक्चरमधून घातक संदेश जातो, न्यायाची प्रक्रिया म्हणजे अडचण असं लोकांना वाटायला लागतं, असा रोख होता. मला तेव्हा फार बरं वाटलं. पेपरात मात्र जरा कडक अधिकारी आला की 'सिंघम', बाई असली की 'लेडी सिंघम'. चांगला तपास करून दोषारोपपत्र वेळेत देणाऱ्याला काय म्हणायचं? त्याला कुणी नाव दिलेलं नाही अजून.

बांद्याचो बाबू

वकीलबाई, बरोबर आसा तुमचा. पण गरीब माणूस तीन तास तरी जिंकता हो.

वकीलबाई रत्नागिरी

ते खरं आहे. आणि कबूल करते, 'दया, दरवाजा तोड दो'ला मी पण शिट्टी मारली होती. सीआयडीतला दयाच आणून उभा केला तर माणूस काय करणार.

कोळंबीभात

मॅडम शिट्टी मारतात!!!!

मालगुंडचा माणूस

करीना रिटर्न्समध्ये अवनी कामत. कामतांची मुलगी पूर्ण पिक्चरभर एकदाही मासे खाताना दिसत नाही. मी तिथेच सोडून दिलं.

तारीखवाला

२०२४ च्या दिवाळीतला सिंघम अगेन कुणी पाहिला? १ नोव्हेंबर, त्याच दिवशी भूलभुलैया ३. रामायण जोडलंय, सगळे हिरो एकदम. माझा मुलगा म्हणाला, 'बाबा, ही पिकनिक आहे का?'

मालगुंडचा माणूस

पाहिला. पॉपकॉर्न चांगले होते.

मासे म्हटल्यावर आठवलं, मोरी माशाचं मटण कोण नीट करतं इथे? माझं पाणचट होतं.

दापोलीची सून

पाणी घालूच नका, मोरी स्वतःचं सोडते. वाटणात भाजलेला कांदा-खोबरं, आणि शेवटी त्रिफळं. सविस्तर नंतर टाकते.

असगोलीकरीण, काका बरे आहेत ना आता?

असगोलीकरीण

बरे आहेत. ऐंशी झाले, कानाला कमी ऐकू येतं, बाकी ठणठणीत. हे सगळं वाचल्यावर आत्ता त्यांच्याकडेच जाऊन आले. ओटीवर सुपारी कातरत होते. अकरा वर्षांनी विचारलं, ओरडूनच, 'काका, त्या दिवशी थेटरातून उठून कुठे गेला होतात?'

सुपारी कातरायची थांबली नाही. म्हणाले, 'बिडी ओढायला.'

म्हटलं, एवढा वेळ?

'सादळली होती. पेटतच नव्हती.'

कोळंबीभात

🙏

मालगुंडचा माणूस

त्रिफळं सालीसकट ना?