ज्यांना कधी पाहिलं नाही, त्यांची काळजी वाटते. विचारपूस करावी का?

रातपाळी_सिस्टर (सिंधुदुर्ग)

नमस्कार मंडळी. प्रश्न थोडा वेगळा आहे, म्हणून आधी सगळं सांगते.

मी मूळची अंबाजोगाईकडची. सिंधुदुर्गातल्या एका ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, ही माझी पहिलीच नेमणूक. इथली माणसं चांगली आहेत, पण ड्युटी संपली की ज्याचा तो आपल्या घरी आणि मी माझ्या क्वार्टरमध्ये. मालवणी आता समजते, बोलता येत नाही. सुरुवातीचे महिने फार एकटे गेले. घरी फोन केला की आई रडायची, म्हणून फोनही कमी केला होता.

रातपाळीत दोनचा राउंड झाला की थोडी उसंत मिळते. आमच्या व्हरांड्यात ट्यूबलाइट आहे आणि तिच्याखाली पांढऱ्या टाइल्सची भिंत. पहिला पाऊस पडला की ती भिंत पतंगांनी भरून जाते. एका रात्री वॉर्डातले मामा धावत आले, म्हणाले, "सिस्टर, भिंतीवर काय बसलंय बघा." फिकट पंखांचा, त्यावर काळे पट्टे असलेला पतंग होता आणि त्याच्या शेपटाकडून चार केसाळ नळ्या बाहेर आल्या होत्या, त्याच्या अंगापेक्षाही लांब. मामा घाबरले होते. मी फोनवर फोटो काढला आणि आयनॅचरलिस्टवर टाकला, तिथे फोटो पाहून लोक किडा-झाड ओळखून सांगतात. हे ॲप नर्सिंग कॉलेजातल्या मैत्रिणीने कधीतरी झाडांसाठी टाकून दिलं होतं.

सकाळी हँडओव्हर देऊन बाहेर आले तर उत्तर आलेलं. "क्रिएटोनोटस गँगिस, नर. मादीला बोलावण्यासाठी गंध सोडतो आहे. अळी असताना त्याने विशिष्ट अल्कलॉइड असलेल्या वनस्पती किती खाल्ल्या, त्यावर या नळ्या किती मोठ्या होतील ते ठरतं." लिहिणारे कोल्हापूरकडचे होते. एवढंच कळलं होतं. पण माझ्या अंधुक फोटोला कुणीतरी इतकं नीट उत्तर लिहिलं, याचा आनंद मी दिवसभर बाळगला.

तिथून सुरू झालं. उंबरावर वाढणारा असोटा नावाचा पतंग, कण्हेरीची पानं खाऊन वाढणारा हिरवा हॉकमॉथ पतंग, मेलेल्या पानासारखे दिसणारे कितीतरी. ते कोल्हापूरकडचे दादा (मी त्यांना दादा म्हणते, ते मला सिस्टर) माझ्या प्रत्येक नोंदीवर काही ना काही लिहायचे. नुसतं नाव देऊन थांबायचे नाहीत. "शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) पिसासारख्या आहेत का बघा, म्हणजे नर", "पुढच्या वेळी बाजूनेही एक फोटो घ्या." मी त्यांच्यामुळे बघायला शिकले.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. पावसाळ्यात आमच्याकडे मानेवर, गालावर भाजल्यासारखे पट्टे घेऊन पेशंट येतात. सगळे म्हणतात, रात्री काहीतरी चावलं. मी वॉर्डातल्या दिव्याखाली सापडलेल्या एका बारीक काळ्या-केशरी किड्याचा फोटो टाकला. दादांनी त्रिशूरच्या एका भुंगेरेवाल्या मॅडमना टॅग केलं. त्यांनी सांगितलं, हा पेडेरस. तो चावत नाही, डंखही मारत नाही. अंगावर चिरडला की त्याच्या शरीरातलं पेडेरिन नावाचं विष त्वचेला लागतं आणि फोड येतात. आता मी प्रत्येक पेशंटला सांगते, अंगावर बसला तर मारू नका, फुंकर मारून उडवा किंवा कागदावर घ्या, आणि चुकून चिरडलाच तर लगेच साबणाने धुवा. आमच्या मॅडमनी ते ओपीडीच्या फलकावर लिहून घेतलं. त्या दिवशी या गावात मी पहिल्यांदा उपयोगाची वाटले, आणि ते तीन ठिकाणच्या, एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांमुळे झालं.

आता प्रश्न. अक्षय तृतीयेपासून दादांची एकही नोंद नाही, कुठे ओळख दिलेली नाही. माझ्याकडे त्यांचा नंबर नाही, खरं नावही नाही. वयस्कर असावेत असं लिहिण्यावरून वाटतं. रोज ड्युटीवर आल्यावर आधी बघते. अशा माणसाची विचारपूस करण्याचा मला हक्क आहे का? की ते आगाऊपणाचं होईल?

आणि दुसरं. जुलैच्या शेवटी मॉथ वीक, म्हणजे पतंग बघायचा आठवडा असतो, तेव्हा पतंगवाल्यांच्या ग्रुपमधले काही जण आंबोलीला जमणार आहेत. मलाही बोलावलंय. माझ्याकडे कॅमेरा नाही, प्राणिशास्त्राची पदवी नाही. मी जावं का?

वरुडचा_संत्रेवाला

ताई, विचारा. आजच विचारा.

मी शेतकरी माणूस. संत्र्याच्या आंबिया बहाराची फळं ऑगस्ट-सप्टेंबरात पिवळी व्हायला लागली की गळायची, प्रत्येक फळाला टाचणीएवढं भोक आणि आजूबाजूला मऊ. दुकानदार जे देईल ते फवारलं, काही उपयोग नाही. एका रात्री बॅटरी घेऊन बागेत गेलो तर फळांवर पतंग बसलेले, डोळे लाल चमकत होते. वरून वाळक्या पानासारखा, पंख उघडला की आत गर्द नारिंगी आणि काळा ठिपका. फोटो टाकला. हैदराबादहून एकाने सांगितलं, युडोसिमा. याची सोंड इतकी कडक असते की संत्र्याची साल भेदते. आणि याची अळी संत्र्यावर नसतेच, ती गुळवेलीवर आणि वासनवेलीवर वाढते. माझ्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दोन्ही वेली होत्या, मला काय माहीत. धुऱ्यावरच्या वेली काढल्या, गळालेली फळं रोज उचलून पुरायला लागलो, संध्याकाळी बागेत धूर करायला लागलो. नुकसान पूर्ण थांबलं नाही, पण कमी झालं. खरी गोष्ट ही की त्यानंतरही मी रात्री बागेत जात राहिलो. आता बघायला जातो.

तुमच्या प्रश्नाकडे येतो. गेल्या वर्षी माझी माय नागपूरला दवाखान्यात होती. मी ग्रुपवर काही सांगितलं नव्हतं. पण बहाराच्या दिवसांत या माणसाची एकही नोंद नाही, हे एकाच्या लक्षात आलं. नागपूरचाच पोरगा, इंजिनिअरिंगला आहे. त्याने मेसेज केला, "काका, बाग ठीक आहे ना?" मी खरं ते लिहिलं. दुसऱ्या दिवशी तो दवाखान्याच्या गेटवर डबा घेऊन उभा. त्याच्या आईने केलेलं वरण-भात-पोळी. माय घरी येईपर्यंत रोज आला. आम्ही एकमेकांना पहिल्यांदा तिथंच पाहिलं. बाप्पा, सोयरे फोन करून विचारत होते, हा पोरगा येऊन उभा राहिला.

त्याने विचारलं नसतं तर मी सांगितलं नसतं. माणूस अडचणीत असला की स्वतःहून बोलत नाही, निदान माझ्यासारखा. म्हणून म्हणतो, हक्क वगैरे पाहू नका.

चादर_आणि_दिवा (पुणे)

अगं, तुझा प्रश्न वाचून मला लिहावंसंच वाटलं. मी बरीच वर्षं पतंग ओळखून देते. ओळखणारी माणसं थोडी आणि फोटो अफाट. भारतात फुलपाखरांच्या जाती तेराशेच्या वर, पतंगांच्या दहा हजारांच्याही वर, आणि बऱ्याच गटांत फोटोवरून जातीपर्यंत जाताच येत नाही. तुझे दादा प्रत्येक नोंदीवर दोन ओळी लिहायचे म्हणजे ते तुझ्यासाठी वेळ काढत होते. असं सगळ्यांसाठी करता येत नाही. तेव्हा ओळख एकतर्फी आहे असं समजू नकोस.

यजमान आजारी होते तेव्हा मीही गप्प झाले होते. सगळं वाचत होते, लिहायचं बळ नव्हतं. नाशिकच्या एका मुलीने लिहिलं, "मावशी, उत्तर द्यायची गरज नाही, फक्त तुमची आठवण काढली हे सांगायचं होतं." मी तिला त्याच रात्री मोठं पत्र लिहिलं. तूही तसंच लिही. "कुठे गायब झालात" असं विचारू नकोस. त्यांना उत्तर देण्याचं ओझं वाटणार नाही अशा रीतीने लिही. सोबत एखादा नवा फोटो जोड.

आता पदवीबद्दल. 1883 मध्ये मुंबईत आठ माणसांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू केली, ती निसर्गाचा नाद असलेल्यांची मंडळी म्हणूनच. आपल्याकडच्या हॉकमॉथवरचा 1937 चा मोठा ग्रंथ ज्या दोघांनी लिहिला, त्यातले बेल हे कारवारकडे जंगलखात्यात अधिकारी होते. अळ्या पाळून, कोणती अळी कोणत्या झाडावर वाढते हे बघून त्यांनी तो अभ्यास केला. आजही त्या नोंदी उघडाव्या लागतात. तू रात्रभर एकाच भिंतीसमोर असतेस, पाऊस असो वा नसो. एकाच जागेच्या सलग नोंदी फार थोड्या लोकांकडे असतात. तुझ्या भिंतीवर कोणता पतंग कोणत्या आठवड्यात येतो, हे पुण्यात बसून मला कधीच कळणार नाही.

एक काळजीची गोष्ट, आणि ही मी आग्रहाने सांगते. तुझ्या नोंदींवर रुग्णालयाची नेमकी जागा आणि रात्रीची वेळ दिसत असेल तर तू केव्हा ड्युटीवर असतेस हे कुणालाही कळू शकतं. नोंदीच्या सेटिंगमध्ये जिओप्रायव्हसी, म्हणजे जागा लपवायची सोय असते, तिथे 'ऑबस्क्योर्ड' कर. मग साधारण वीस-बावीस किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी ठिपका दिसतो, अभ्यासाला तो पुरतो. जुन्या नोंदीही बदलून घे. आणि फोटोत पेशंट किंवा केसपेपर येणार नाही हे तू बघतच असशील.

आंबोलीला जा. कॅमेरा नसला तरी चालेल. तिथे पांढरी चादर बांधतात, दिवा लावतात आणि सगळे तिच्यासमोर उभे राहतात, त्यात कॅमेरा कुणाचा आणि नजर कुणाची हे राहत नाही. दिव्याकडे थेट बघू नकोस, अतिनील दिवा डोळ्यांना त्रास देतो.

सावंतवाडी_कॉलेज

ताई, वरच्यांशी मी सहमत आहे, पण दुसरी बाजूही सांगतो. सगळे लोक असे नसतात. माझ्या वर्गातल्या मुलीला एका सदस्याने ओळख देता देता नंबर मागायला सुरुवात केली, नकार दिल्यावर तिच्या प्रत्येक नोंदीवर मुद्दाम चुकीची ओळख टाकू लागला. तिने त्याला ब्लॉक केलं, तक्रार केली, तरी तिचा रस कमी झाला तो झालाच. तो कसा परत आणायचा ते आम्हालाही कळत नाहीये.

म्हणून आंबोलीला जाताना राहण्याची जागा आधी विचारा, आणखी मुली कोण आहेत ते विचारा, आणि शक्य असेल तर ओळखीची एखादी सोबत घ्या. नीट माणसं असतील तर त्यांना या प्रश्नांचा राग येणार नाही. राग आला तर जाऊ नका, सोपं आहे. मी त्या भागातलाच आहे, जुलैत घाटात धुकं इतकं असतं की संध्याकाळनंतर दुचाकीवर येऊ नका. जळवा असतात, पायात लांब मोजे घाला. पाऊस थांबायची वाट बघायची नाही, छपराखाली चादर बांधली की पतंग येतात. वारा नसलेली, ढगाळ, अमावास्येजवळची रात्र सगळ्यात चांगली.

रातपाळी_सिस्टर (सिंधुदुर्ग)

सगळ्यांचे मनापासून आभार. मावशी, जागा बदलून घेतली. मी हा विचार कधी केलाच नव्हता, आता आमच्या बाकीच्या सिस्टर्सनाही त्यांच्या फोनमधलं लोकेशन बघायला सांगितलं.

मी दादांना त्याच रात्री लिहिलं, मावशींनी सांगितलं तसं. व्हरांड्यात आलेल्या एका मून मॉथचा फोटो जोडला, लांब शेपट्यांचा, फिकट हिरवा. लिहिलं की उत्तराची घाई नाही.

आज उत्तर आलं. त्यांच्या सुनेने टाइप केलंय. दादांच्या डोळ्याच्या पडद्यावर शस्त्रक्रिया झाली आहे, डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडलाय, म्हणून बरेच दिवस मान खाली घालून पडून राहायचं होतं आणि स्क्रीन बंद. माझा मेसेज तिने वाचून दाखवला. फोटोचं वर्णन करायला सांगितलं त्यांनी. रंग, शेपट्यांची लांबी, शृंगिका. आणि मग म्हणाले, सिस्टरला लिही, मोठ्या झालेल्या मून मॉथला खाता येत नाही, तो थोडेच दिवस जगतो, तेव्हा भिंतीवरून हलवू नका म्हणावं, पहाटे दिवा तेवढा बंद करा.

त्या शस्त्रक्रियेनंतर काय जपायचं हे मला माहीत आहे. मी सुनेला पोझिशनिंगबद्दल (मान कशी ठेवायची), ड्रॉप्सच्या वेळांबद्दल आणि डॉक्टर सांगतील तोपर्यंत विमानप्रवास टाळण्याबद्दल लिहिलं. विशेषतः दृष्टी अचानक कमी झाली किंवा दुखायला लागलं तर थांबू नका, हे दोनदा लिहिलं. तिने फोन नंबर दिला. उद्या ड्युटी संपल्यावर दादांशी बोलणार आहे.

काका, तुमच्या मायची तब्येत आता कशी आहे? तुम्ही ते लिहिलं नाही.

आंबोलीचं विचारलं. तिघी जणी आहेत, त्यातली एक कणकवलीच्या शाळेत शिकवते, तिच्याच सोबत खोली. माझ्याबरोबर आमच्या लॅबमधली मुलगी येते आहे, तिला साप-बेडूक बघायचे आहेत. रजेचा अर्ज दिलाय. सावंतवाडीहून आंबोलीला दुपारनंतर कोणकोणत्या एसटी आहेत, हे कुणाला नक्की माहीत असेल तर सांगा. आमची ड्युटी दोनला सुटते.