विश्वाच्या पसरण्याचा वेग ६७ की ७३? तुमचं मत काय?

खानापूरकर: विश्व पसरतंय ह्यावर भांडण नाही. खरं किती वेगानं ते विचारलं की एक गट सांगतोय ६७, दुसरा ७३. म्हणजे दीर्घिका ३२.६ लाख प्रकाशवर्षं जास्त लांब असली की तिचा लांब जायचा वेग सेकंदाला तेवढे किलोमीटर वाढतोय. मला वाटतंय ७३वाल्यांचंच कुठंतरी चुकतंय. जवळच्या सेफीड ताऱ्यांवरून (ठरावीक काळानं उजेड कमी-जास्त होणारे तारे) अंतर काढायचं, त्यावरून सुपरनोव्हाचा, म्हणजे फुटणाऱ्या ताऱ्याचा, उजेड ठरवायचा, त्यावरून अजून लांबच्या दीर्घिका, खालची पायरी हलली की वरचं सगळं हललं.

निपाणीचा_राजू: मग हलली कुठं ते दाखवा की! हबल दुर्बिणीत शेजारच्या ताऱ्यांचा उजेड सेफीडमध्ये मिसळतोय अशी शंका होती, म्हणून जेम्स वेब दुर्बिणीनं तेच तारे परत बघितले, अंतरं जवळजवळ तीच आली. आणि ६७ हा आजचा वेग कुणी थेट मोजलेलाच नाही. प्लँक उपग्रहानं विश्व ३,८०,००० वर्षांचं असतानाचा प्रकाश मोजला आणि मॉडेल लावून आजचा आकडा काढला. मॉडेलच अपुरं असलं तर?

खानापूरकर: जुनं बघा की जरा. १९२९ ला हबल ह्या खगोलशास्त्रज्ञाचा आकडा ५०० च्या आसपास होता, १९५२ ला बाडेनं सांगितलं सेफीड दोन जातीचे असतात, झालं, सगळी अंतरं दुप्पट. पुढं सँडेज ५० वर अडून आणि द व्होकुलर १०० वर. गोची दरवेळी अंतरातच निघाली. २०१९ ला फ्रीडमनबाईंनी सेफीड सोडून फुगलेले लाल राक्षसी तारे वापरले तर ६९.८ आला, आता बोला.

निपाणीचा_राजू: तेव्हाच्या चुका मोठ्या होत्या हो. आता प्लँकवाले अर्धा इकडंतिकडं म्हणतात, रीसचा ७३वाला गट एक. मधे पाच-सहाचं अंतर, हे नुसत्या योगायोगानं पडत नाही.

वडगावची_सुमा: दोघंबी त्या अंतराच्या पायऱ्यांच्या शिडीवरच भांडायलाय. २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे धडकले तेव्हा गुरुत्वीय लहरींवरून (धडकेनं अवकाशात उठणारे तरंग) अंतर थेट मिळालं, शिडी लागलीच नाही. आकडा ७० आला, खरं अनिश्चितता एवढी मोठी की ६७ पण बसतंय आणि ७३ पण 😄 अशा धडका अजून पाहिजेत. हिंगोलीकडं औंढ्याजवळ लायगो, म्हणजे अशा लहरी टिपणारी वेधशाळा, होणार आहे, त्याचा उपयोग इथंच आहे. (सेफीडचा उजेड किती काळानं बदलतोय त्यावरून त्याचं खरं तेज कळतंय, हा नियम शोधणाऱ्या लेव्हिटबाईंचं नाव दोघांनीबी घेतलं नाही बघा.)

निपाणीचा_राजू: आणि त्यातनं ७३ निघाला तर खानापूरकर मान्य करणार काय?

खानापूरकर: करीन की. खरं मग ६७ देणाऱ्या मॉडेलमधल्या सुरुवातीच्या विश्वात जादा ऊर्जा घालावी लागणार, आणि ती घातली की दीर्घिका किती गर्दी करून आहेत त्याचं गणित अजून बिघडतंय. त्याचं काय करायचं ते तुम्ही सांगा.