एम. एस.चं नाव मोठं, पण कुठल्या फॅकल्टीचं?

विषय: बारावीनंतर – एम. एस. की बडोद्याबाहेर?

सर्वांना नमस्कार,

मंडळातल्या तीन घरांतली मुलं यंदा बडोद्यात आजी-आजोबांकडे राहून गुजरात बोर्डाची बारावी देत आहेत. एकीला फाइन आर्ट्स हवंय, एकाला इंजिनिअरिंग, एकाला बी. कॉम. इथे टोरांटोत आम्हाला फक्त रँकिंगचे आकडे दिसतात. अहमदाबाद, आणंदजवळचं वल्लभ विद्यानगर आणि नवी खाजगी विद्यापीठं यांच्यापुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाचं, म्हणजे एम. एस.चं, वजन आज नेमकं किती? तिथे असणाऱ्यांनी सविस्तर लिहावं.

सुहास

*

उत्तर: बारावीनंतर – एम. एस. की बडोद्याबाहेर?

सुहासराव,

तिन्ही मुलांना लागू पडेल असं एकच वजन सांगता येत नाही. एम. एस.मध्ये नाव फॅकल्टीचं असतं आणि तुलनाही फॅकल्टीगणिक बदलते.

आधी एक घोळ दूर करू. गुजरात युनिव्हर्सिटी आणि एम. एस. दोन्ही १९४९च्या, पण घडण निराळी. अहमदाबादचं विद्यापीठ संलग्न कॉलेजांचं. पदवीवर नाव एकच, पण शिकवणारं कॉलेज झेवियर्स असेल, एच. एल. हे कॉमर्स कॉलेज असेल, नाहीतर तालुक्याच्या गावचं एखादं. एम. एस.ला संलग्न कॉलेजं नाहीत. पादरा सोडलं तर सगळा कारभार शहरातच, माध्यम इंग्रजी, आणि ज्या फॅकल्टीत प्रवेश तीच शिकवते, तीच परीक्षा घेते. म्हणून ‘गुजरात युनिव्हर्सिटी की एम. एस.’ या प्रश्नाला उत्तर नाही. ‘एच. एल. की आपली कॉमर्स फॅकल्टी’ याला आहे.

फाइन आर्ट्सचं सांगायचं तर बडोदा सोडायचा विचारच करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. १९५०पासून चित्रकार ना. श्री. बेंद्रे, शिल्पकार शंखो चौधुरी, चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांनी ही फॅकल्टी उभी केली. चित्र काढणारा विद्यार्थी कलेचा इतिहासही त्याच आवारात शिकतो आणि छपाईच्या, शिल्पाच्या स्टुडिओत त्याची ये-जा असते. तिच्या तोडीची नावं गुजरातेत नाहीत. ती मुंबईचं जे. जे. आणि शांतिनिकेतन. अहमदाबादची एन. आय. डी. थोर संस्था आहे, पण ती डिझाइनची. मुलीला चित्रकार व्हायचंय की डिझायनर, हे अर्ज भरण्याआधी ठरवा. प्रवेशाला फॅकल्टीची स्वतःची अभियोग्यता चाचणी असते. तिथे मुलं अडतात ती एकाच कारणाने: वर्षभर मोबाइलमधल्या फोटोवरून गुळगुळीत पोर्ट्रेटं उतरवलेली असतात, आणि समोर वस्तू किंवा माणूस बसवला की हात थांबतो. तिला रोज तासभर खंडेराव मार्केटात बसवा. टोपल्या, तराजू, वाकून भाजी निवडणारी बाई, सगळं पाच-पाच मिनिटांत पेन्सिलीने काढायचं, खोडरबर घरी ठेवून. रेघ चुकली तर तिच्याशेजारी दुसरी. अशा दोन वह्या भरल्या की समोर काहीही ठेवलं तरी हात चालतो.

इंजिनिअरिंगला हिशेब वेगळा. आपली टेक्नॉलॉजी फॅकल्टी १८९०च्या कलाभवनातून वाढलेली, म्हणून टेक्स्टाइलसारख्या शाखा इथे मुरलेल्या आहेत. मेटलर्जी, केमिकल, इलेक्ट्रिकल घेणाऱ्याला कोयलीची रिफायनरी, जी. एस. एफ. सी.चा खत कारखाना आणि मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतले कारखाने हाकेच्या अंतरावर. इंटर्नशिपसाठी खोली भाड्याने घ्यावी लागत नाही. फी खाजगी विद्यापीठांच्या मानाने पुष्कळ कमी. कॉम्प्युटर मात्र एवढ्यावर ठरवू नका. तिथे गांधीनगरचं धीरूभाई अंबानी विद्यापीठ (पूर्वीची डी. ए. आय. आय. सी. टी.) आणि अहमदाबादचं निरमा विद्यापीठ यांच्याशी खरी चुरस आहे, आणि जे. ई. ई. मेनचा रँक चांगला असेल तर सुरतचं एन. आय. टी. (एस. व्ही. एन. आय. टी.) आधी बघावं. त्याच्या निम्म्या जागा गृहराज्याच्या असतात आणि गृहराज्य ठरतं ते बारावी कुठून केली त्यावरून. आई-वडील टोरांटोत असले तरी बडोद्यात बारावी दिलेला मुलगा गुजरातचाच धरला जातो.

कॉमर्सबद्दल मोकळेपणाने लिहिते. ही फॅकल्टी अवाढव्य आहे, विद्यार्थी हजारोंनी, वर्ग निरनिराळ्या इमारतींत. सी. ए.ची तयारी करणाऱ्याला घर, क्लास आणि आर्टिकलशिप (सी. ए.कडची उमेदवारी) एकाच शहरात मिळते, तेवढ्यासाठी ती सोयीची. पण वर्गात शिक्षकाने नावाने ओळखावं ही अपेक्षा असेल तर एच. एल. किंवा एखादं लहान कॉलेज बघा. विद्यापीठाची कीर्ती या वर्गखोल्यांपर्यंत आपोआप पोचत नाही. वेंकटरामन रामकृष्णन यांचं नाव सगळे घेतात. त्यांनी १९७१ साली इथून बी. एस्सी. केलं ते फिजिक्समध्ये, आणि २००९चं नोबेल मिळालं केमिस्ट्रीचं, तेही परदेशात केलेल्या कामासाठी. अभिमान वाटतोच, पण त्यावरून आजच्या बी. कॉम.ची पारख करू नये.

अनघा, प्रतापगंज, बडोदे

*

उत्तर: बारावीनंतर – एम. एस. की बडोद्याबाहेर?

अनघाताईंच्या मेलला विद्यानगरची बाजू जोडतो.

इथलं बी. व्ही. एम. हे इंजिनिअरिंग कॉलेज १९४८चं. सिव्हिल आणि मेकॅनिकलला ते एम. एस.च्या बरोबरीने धरायला हवं, दुय्यम म्हणून नव्हे. गावच मुळी विद्यार्थ्यांसाठी वसवलेलं, हॉस्टेलपासून वर्ग चालत दहा मिनिटांवर. प्रवेशाचा ऑनलाइन पसंतीक्रम (चॉइस फिलिंग) भरताना एक चूक दरवर्षी होते. एकाच कॉलेजच्या ग्रँट-इन-एड (अनुदानित) आणि सेल्फ फायनान्स (विनाअनुदानित) जागा यादीत वेगवेगळ्या ओळींत येतात, फीत मोठा फरक असतो, आणि पालक घाईत नाव बघून पहिली दिसेल ती ओळ निवडतात. कंसातलं वाचल्याशिवाय क्लिक करू नका. मेरिट गुजकेट ही राज्याची प्रवेशपरीक्षा आणि बोर्डाचे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स यांच्या पर्सेंटाइलवर निम्मं-निम्मं बनतं. गुजकेटसाठी बोर्डाचा अभ्यास मागे टाकणाऱ्याचं म्हणून नुकसान होतं.

रँकिंगबद्दल. एन. आय. आर. एफ. या केंद्र सरकारच्या रँकिंगमध्ये विद्यापीठांच्या यादीत अध्यापन आणि साधनं ३०, संशोधन ३०, पदवीचे निकाल २०, सर्वसमावेशकता १०, लोकांतलं मत १० असं वजन असतं. म्हणजे बी. कॉम.च्या मुलाशी संबंध नसलेलं संशोधनच तीस टक्के खातं. त्यामुळे क्रमांकावर थांबू नका, संस्थेने भरून दिलेल्या माहितीची पी. डी. एफ. तिथेच मिळते ती उघडा. दोन तक्ते बघायचे. पहिला प्लेसमेंटचा: प्रवेश किती, वेळेत पास किती, नोकरी किती, पुढे शिकायला किती आणि मध्यक (चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) पगार किती. समजा १२० घेतले, ९६ वेळेत पास झाले, ३० जणांना नोकरी लागली आणि २० पुढे शिकायला गेले. उरलेल्या ४६ जणांचा त्यात पत्ता नाही, आणि मध्यक पगार काढलाय तो फक्त त्या तिसांचा. जाहिरातीतलं सर्वांत मोठं पॅकेज एकट्याचं असतं, ते वाचूच नका.

दुसरा तक्ता शिक्षकांचा. प्रत्येकाच्या नावापुढे नियमित की कंत्राटी, आणि रुजू झाल्याची तारीख. आपल्याला हव्या त्या विभागाची माणसं विद्यापीठाच्या वेबसाइटवरून घ्या आणि इथे शोधा. निम्म्याहून जास्त कंत्राटी आणि वर्ष-दोन वर्षांतली निघाली तर त्या विभागाचं जुनं नाव कुणाच्या जिवावर टिकणार, हे विचारायलाच हवं. हे सगळ्याच विद्यापीठांना लागू आहे, आमच्याही.

मिलिंद, वल्लभ विद्यानगर

*

उत्तर: बारावीनंतर – एम. एस. की बडोद्याबाहेर?

परदेशात या पदव्या कशा मोजल्या जातात तेवढंच लिहितो, कारण मुलं पुढे इकडे येणार असतील तर ते आजच बघायला हवं.

जर्मनीत अनाबिन नावाच्या सरकारी डेटाबेसमध्ये संस्थेपुढे एच प्लस (म्हणजे मान्यताप्राप्त) आहे का ते बघतात. त्यानंतर पदवीचा प्रकार वेगळा तपासतात. फक्त संस्थेचं नाव सापडलं म्हणून काम झालं, असं समजू नका. अमेरिकेसाठी डब्ल्यू. ई. एस. ही परदेशी पदव्यांचं मूल्यांकन करणारी संस्था तीन वर्षांची भारतीय पदवी पूर्ण बॅचलर धरते, ती पहिल्या किंवा दुसऱ्या श्रेणीत असेल आणि पदवी देणाऱ्या विद्यापीठाला नॅक या भारतातल्या मूल्यांकन संस्थेची ए किंवा वरची श्रेणी असेल तर. नॅकचा खरा उपयोग इथे होतो. चारपैकी ३.०१ला ए, ३.२६ला ए प्लस, ३.५१ला ए डबल प्लस. श्रेणी साधारण पाच वर्षं चालते, म्हणून श्रेणीबरोबर तिची मुदतही बघा. बी. कॉम.च्या मुलाला अमेरिकेत मास्टर्स करायचं असेल तर नव्या शैक्षणिक धोरणातलं चौथं ऑनर्स वर्ष कुठे खरोखर चालू आहे हे आधी विचारा. सोळा वर्षांचं शिक्षण मागणारी विद्यापीठं तिकडे पुष्कळ आहेत.

प्रसाद, स्टुटगार्ट

*

उत्तर: बारावीनंतर – एम. एस. की बडोद्याबाहेर?

मिलिंदचं शिक्षकांच्या तक्त्याबद्दलचं म्हणणं पटलं. त्यात एकाची भर. २०२३च्या गुजरात सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने राज्यातली अकरा सार्वजनिक विद्यापीठं एका छत्राखाली आली. एम. एस.चा १९४९चा स्वतःचा कायदा गेला, सिनेट-सिंडिकेट गेली, त्यांच्या जागी व्यवस्थापन मंडळ आलं. बी. कॉम.सारख्या पदव्यांचे प्रवेशही २०२४पासून जी. कॅस या सामायिक पोर्टलवरून होतात. ‘एम. एस.चे नियम वेगळे असतात’ हे घरातली मोठी माणसं सांगतात ते आता धरून चालू नका, बी. कॉम.चा अर्ज तिथूनच भरायचा. माझ्या मते वेगळेपणा हेच या विद्यापीठाचं भांडवल होतं. ते किती उरेल हे ज्या फॅकल्ट्यांना स्वतःची परंपरा आहे त्यांच्यावर अवलंबून आहे, म्हणूनही फॅकल्टी बघून ठरवा असं म्हणते.

सुहासराव, आज रात्रीच एक काम करा. तिन्ही मुलांच्या दहावीच्या मार्कशीट काढून पासपोर्टशेजारी ठेवा. गुजरातेत आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवरच्या मुलाच्या नावात वडिलांचं नाव नसूही शकतं. स्पेलिंगमध्ये एक ‘एच’ किंवा दुसरा ‘ए’ कमी-जास्त असेल तर ती दुरुस्ती बोर्डाकडे आत्ताच करून घ्या. प्रवेशाच्या अर्जात जे नाव जाईल तेच पुढे पदवीवर छापलं जातं, आणि पदवीवरचं नाव बदलायला राजपत्रापासून सुरुवात करावी लागते.

अनघा