व्हॉल्व्हच्या सीटवर स्टेलाइट ६ चा (कोबाल्टच्या कठीण मिश्रधातूचा) थर मऊ येतोय, टोकाला तडाही

कार्बन स्टीलची सीट रिंग, पीटीएने (प्लाझ्मा आर्कमध्ये पावडर वितळवून) एकच थर. मशिनिंगनंतर कडकपणा जेमतेम ३२ एचआरसी (रॉकवेल सी मापावर). थर संपतो तिथे चांदणीसारखा तडा. काय चुकतंय?

> ३२ म्हणजे खालचं लोखंड थरात फार मिसळलंय. करंट उतरवा किंवा पावडर फीड वाढवा. डायल्यूशन (थरात मिसळलेल्या खालच्या धातूचं प्रमाण) ५ ते १० टक्के हवं. मशिनिंगमध्ये जास्त छिललं तर उरतो तो खालचा, लोखंडाळलेलाच भाग.

> चांदणी क्रेटरचीच, म्हणजे आर्क तुटतो तिथल्या खड्ड्याची. आर्क एकदम तोडू नका. थराचं टोक सुरुवातीवर १०-१५ मिमी चढवून करंट हळूहळू उतरवा, तोवर पावडर थोडी पडू द्या, खड्डा भरतो.

> थराला आडवे तडे असतील तर मात्र प्रीहीट (रिंग आधी तापवणं) बघा. आणि गरम रिंग फरशीवर? व्हर्मिक्युलाइटमध्ये (उष्णता धरून ठेवणाऱ्या खनिजाच्या दाण्यांत) पुरा, हाताला गार लागेपर्यंत.

> बारीक छिद्रंही दिसली तर पावडर आधी ओव्हनमध्ये वाळवा.