नावं काढली म्हणजे ओळख पुसली असं नाही

रुग्णांची नावं गाळून त्यांचा डेटा संशोधकांना खुला करावा, असं काहीजण सुचवतात; मला ते धोक्याचं वाटतं. नेटफ्लिक्सने 2006 मध्ये चित्रपटांच्या शिफारशी सुधारण्याच्या स्पर्धेसाठी सुमारे 4 लाख 80 हजार ग्राहकांची रेटिंग्ज नावांशिवायच दिली होती. संगणकशास्त्रज्ञ अरविंद नारायणन आणि विताली श्मातिकोव्ह यांनी 2008 च्या शोधनिबंधात दाखवलं, की एखाद्याची 8 रेटिंग्ज (त्यातली 2 साफ चुकीची असली तरी) आणि 14 दिवस मागेपुढे अशा तारखा कळल्या, तर 99 टक्के नोंदी नेमक्या सापडतात. एवढं तर सहकाऱ्यांशी गप्पा मारतानाही समजतं! आयएमडीबी या चित्रपटविषयक संकेतस्थळावरच्या उघड रेटिंग्जशी जुळवून त्यांनी काही ग्राहकांच्या नोंदी शोधल्याही. गोपनीयतेच्या याच चिंतेमुळे नेटफ्लिक्सने दुसरी स्पर्धा 2010 मध्ये रद्द केली. आणि आजाराच्या नोंदी तर चित्रपटांहून कितीतरी नाजूक.